आईची मोरी निघाली वेरूळला

माझ्या आईला वेरूळची लेणी बघायची होती. मागणं एवढंच. पण तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि हिंजवडीत मोठ्या पगारावर असलेल्या माझ्या धाकट्या भावाने जाहीर करून टाकलं, आता आईचा प्रवास बंद. आईने नुसती मान डोलावली. तिच्या त्या मान डोलावण्याचाच मला जास्त राग आला.

लॉजवर उतरायला ती कधीच तयार नसायची. आम्ही बौद्ध. तरुणपणी एका गावी खोली मागताना तिला आणि बाबांना आधी आडनाव विचारलं गेलं, आणि ते ऐकल्यावर खोल्या एकदम संपल्या. तेव्हापासून तिने परक्या दारात बादलीभर गरम पाणीसुद्धा मागितलं नाही. आणि सकाळी कढत पाण्याने आंघोळ झाल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच मिटला.

मग मोरीच बरोबर न्यायची, असं मी ठरवलं. सरकारी कचेरीतली नोकरी संपवून मी नुकतीच घरी बसले होते. कंपन्यांच्या बसगाड्या तेव्हा धडाधड नव्या होत होत्या. आयटीतल्या पोरांची ने-आण करून दमलेली एक मिनीबस मी विकत घेतली आणि ती चालवण्याचा परवानाही काढला.

"ताई, आम्ही त्या बसमधून कधी एकदा उतरतोय असं होतं, आणि तू तिच्यात राहायला निघालीस?" भाऊ म्हणाला.

"मला कुठे उतरायचंय ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

बाकं काढून पलंग केला, तोही आईला गुडघे न वाकवता बसता येईल एवढा उंच. जेमतेम चहापुरती शेगडी आली, मागच्या कोपऱ्यात कमोड आणि पडदा लावलेली चिमुकली मोरी आली. गरम पाण्यासाठी गॅरेजवाल्याने इंजिनातल्या तापलेल्या पाण्याची तांब्याची नळी आंघोळीच्या टाकीतून वेटोळी करून फिरवली. गाडी तासभर पळाली की टाकीतलं पाणी कढत. मी खूश.

फक्त एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी गार होतं, आणि आईची आंघोळ असते सकाळी. टाकीला गोधड्या गुंडाळून पाहिल्या, उपयोग शून्य. "आई, संध्याकाळी केलीस आंघोळ तर?" असं मी एकदाच विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

म्हणून रोज सकाळी सराव सुरू झाला. आई खांद्यावर टॉवेल टाकून मागे बसायची, मी कात्रजच्या घाटापर्यंत गाडी नेऊन परत आणायचे, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिची आंघोळ व्हायची. सेक्रेटरी खाली आले.

"अहो, पार्किंगमध्ये आंघोळी चालत नाहीत."

"मग आपण करू नका," मी म्हटलं. सांडपाणी गाडीतल्याच टाकीत साठत होतं. त्यांची मोटार धुतल्याचे ओहोळ मात्र गेटपर्यंत जायचे, तेही सांगितलं. ते गेले, आणि पडद्याआडून आई हसली. किती दिवसांनी हसली होती!

आम्ही निघालो. वाघोली मागे पडेपर्यंत भावाचे फोन चालूच होते. वेरूळला रात्री गाडीतच झोपलो आणि सकाळी आधी टाकीतलं पाणी तापवायला एक फेरी मारली. आंघोळ करून, पांढरी साडी नेसून आई माझा खांदा धरत लेण्याच्या पायऱ्या चढली. बुद्धासमोर हात जोडून तिने वंदना म्हटली. एक शब्द चुकला नाही. मी रडले. का रडू नये?

दुसऱ्या दिवशी आई मोरीत असताना पुन्हा फोन वाजला.

"बघून झाली ना लेणी? आता तिला सरळ घरी आण," भाऊ म्हणाला.

मी पडद्याबाहेरून त्याचा निरोप दिला. तांब्याने पाणी ओतण्याचा आवाज थांबला.

"त्याला सांग, टाकी संपली," आई आतून म्हणाली. "उद्याचं पाणी तापायला गाडी अजिंठ्यापर्यंत तरी न्यावी लागेल."