शेवटच्या दावणीपर्यंतची तार

मी तेव्हा सिरसाळ्यात एक खोली घेऊन राहत होतो आणि जिल्ह्याच्या दैनिकाला बातम्या पाठवत होतो. त्या दुष्काळात बातम्या ठरलेल्या असत: टँकर, छावणी, बैठक. संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नसे. त्यामुळे जवळच्या चारा छावणीवर मी कामापेक्षा जास्त वेळ थांबत असे.

छावणी एका सहकारी संस्थेने माळावर उघडली होती. जनावरं बांधायच्या दावणी रांगेने आखल्या होत्या आणि प्रत्येक दावणीला नंबर होता. तिथे माणसांनाही त्या नंबरानेच हाक मारत. तोंडाशी पत्र्याचं शेड होतं. त्यात संस्थेचा व्यवस्थापक, टेलिफोन आणि कर्ण्यांचं मशीन. एका मशीनवर चार कर्णे. टँकर आला, पेंड आली, की व्यवस्थापक माइकवरून पुकारा करी. ऊसतोडीला गेलेलं कोणी बूथवरून फोन करी, तेव्हा ते दावणीचा नंबर सांगून फोन ठेवून देई आणि थोड्या वेळाने पुन्हा लावी. तेवढ्यात छावणीतलं माणूस पळत शेडपाशी पोचलं, तर बोलणं होई.

सत्तावीस नंबरच्या म्हातारीचं बोलणं झालं नाही. तिची दावण उताराच्या खाली, ओढ्यालगत होती. एक गाय आणि कामातून गेलेला एक बैल घेऊन ती एकटी राहत होती. मुलगा आणि सून तोडीवर. सुनेचे दिवस भरत आले होते आणि तिचं पहिलं मूल आधीच्या हंगामात उसाच्या फडातच गेलं होतं. मुलाचा फोन आला, दोनदा पुकारा झाला, पण उताराखाली काही ऐकू गेलं नाही. तिला ते दुसऱ्या दिवशी पेंडीच्या रांगेत कळलं.

ती शेडपाशी आली. मी बाकावर बसलो होतो.

"कावून आला व्हता फोन?" तिने व्यवस्थापकाला विचारलं.

"ते काय मला सांगतंय व्हय, आजी? नंबर सांगितला न् ठेवला."

"आवाज कसा व्हता त्येचा?"

व्यवस्थापक पेंडीची वही उघडून बघू लागला.

त्यानंतर ती शेडसमोरच बसू लागली. पण दावण सोडली, की शेजारची जनावरं तिच्या गाईची वैरण ओढून खात. चार दिवसांत गाईच्या बरगड्या दिसायला लागल्या. ती वर आली की गाय उपाशी राही, खाली गेली की फोन हुकायची धास्ती.

व्यवस्थापकाने स्पीकरवाल्याला बोलावलं. चूक उघड होती, पण तोवर ती कोणी पाहिली नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी मंडपातल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या खुर्चीकडे तोंड करून चारही कर्णे बांधले होते. मंडप सुटला, खुर्ची गेली, कर्णे तसेच राहिले. जिथे आता कोणीच बसत नव्हतं, तिथे सगळा पुकारा पडत होता.

स्पीकरवाल्याने आधी सोपा मार्ग धरला. पाचवा कर्णा आणला, उताराखालच्या बाभळीला बांधला आणि त्याची तार त्याच चौघांच्या तारेला जोडली. पहिला टँकर पुकारून होईपर्यंत मशीन तापलं आणि बंद पडलं. छावणी गप्प झाली. पेंडीच्या रांगेतला एक जण ओरडला, "काय बे, मशीनला बी दावण द्यायची का आता?"

स्पीकरवाला मशीनच्या पाठीला हात लावून म्हणाला, "टँकरवानी हाय हे. नळ्या वाढवल्या म्हणून पाणी वाढतंय व्हय? हितला एक काढावा लागंल."

"अध्यक्ष साहेब आले न् त्यायला ऐकू न्हाई गेलं तर?" व्यवस्थापक म्हणाला.

"साहेब आल्यावर सोताच बोलत्यात की. दुसऱ्याचं कवा ऐकलंय?"

रांग हसली. व्यवस्थापकही हसला, मग इकडेतिकडे बघून गप्प झाला. मशीन निवाल्यावर स्पीकरवाल्याने शेडपुढचा एक कर्णा उतरवला. उरलेले तीनही कर्णे दावणींच्या रांगांकडे वळवले. उताराखाली बारीक तारेतून आवाज दमून पोचत होता, म्हणून तिथवर जाड तार ओढली. मशीनवर कर्णे पुन्हा चारच झाले.

नंतर कित्येक दिवस फोन आला नाही. म्हातारी दावणीपाशी बसून बाभळीकडे बघत असे. मग एका दुपारी पुकारा झाला. ती उतार चढून आली, ती अनवाणीच. फोन पुन्हा वाजला. व्यवस्थापकाने रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिच्या बाजूचं सगळं बोलणं मी ऐकलं.

"हां... बोल... ती बरी हाय का?... आन् लेकरू?... पोरगी... रडती का नीट?... बरं... खातीय गाय. ठीव आता."

फोन ठेवल्यावर ती व्यवस्थापकाला म्हणाली, "लेकरा, फोन नसला तरी सकाळी एकदा मपला नंबर घेत जा. तार चालू हाय का कळंल."

व्यवस्थापक रोज नंबर घेऊ लागला. त्याची बातमी होण्यासारखी नव्हती. एका सकाळी मी तिच्या दावणीपाशी उभा होतो, तेव्हा बाभळीवरून आवाज आला, "सत्तावीस, आवाज येतोय का?"

"येतोय लेकरा," ती कर्ण्याकडे मान वर करून म्हणाली, समोरच्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात. शेड तिथून दिसतही नव्हतं, मग तिचा आवाज तिथवर पोचणं दूरच. "गाईनं राती वैरण तशीच टाकली. बैल बसूनच हाय. पोरीचं नाव काय ठिवलं, ते अजून कळवलं न्हाई बघ."

तोवर कर्णा टँकरचा पुकारा करू लागला होता. तो संपेपर्यंत ती थांबली, आणि मग बैलाबद्दलचं राहिलेलं सांगू लागली.