गलेफाचा चौथा कोपरा

दुबईत करामा भागात आमच्या बिल्डिंगखाली एक लेडीज टेलर आहेत. बांगलादेशी. मी त्यांना मास्टर म्हणते, ते मला दीदी म्हणतात, आणि दर महिन्याला आमचं एक भांडण ठरलेलं असतं. ब्लाउज मंगळवारी देतो म्हणतात. मंगळवारी मी देराच्या ऑफिसातून दमूनभागून थेट दुकानात जाते, तर म्हणतात, "इन्शाल्ला, जुम्मे को." मी म्हणते, "मास्टर, अल्लाला कशाला मध्ये घालता, तुम्ही कापडच अजून कापलेलं नाही." चाळीस दिरहॅम घेतात, म्हणजे हजार रुपये एका ब्लाउजला, आणि वर ताटकळत ठेवतात. तरी मी दुसरीकडे जात नाही, कारण त्यांच्यासारखी बाही कुणी बसवत नाही.

त्यांच्या देशात कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली त्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी माझ्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं. मशीनला टेकवून फोन ठेवलेला, आवाज बंद, आणि त्यात नुसती माणसं पळत होती. त्यांचा सख्खा पुतण्या त्या गर्दीत होता आणि तिथलं इंटरनेट बंद पडल्यामुळे त्याची काही खबर नव्हती.

मग एक दिवस सरकार पडलं. मास्टरांनी रसगुल्ल्यांचा डबा काउंटरवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "दीदी, कोई पूछे तो बोलना, भतीजा पास हो गया." इथं घोळका करायचा नसतो, राजकारणावर मोठ्यानं बोलायचं नसतं, हे दुबईत राहणाऱ्या पोराटोरालाही माहीत आहे. त्यामुळे त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईनं त्या पुतण्याचं अभिनंदन केलं आणि रसगुल्ला खाल्ला. पुतण्या खरंच सुखरूप होता, डोक्याला टाके पडले होते तेवढेच.

पुढं महिन्यामागून महिने गेले. मी विचारायची, "मास्टर, निवडणूक कधी?" "पता नहीं." "कोण येणार?" "पता नहीं, दीदी." एकदा मात्र ते कात्री खाली ठेवून म्हणाले, "जिन लोगों को हम भूल गए थे, वो माइक लेके आ गए." धर्माच्या नावानं पक्ष चालवणारे, इतकी वर्षं दबून बसलेले, ते आता मैदानं भरवत होते. मार खाल्ला पोरांनी आणि माइक गेला यांच्या हातात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, आणि मला ते ऐकून मनापासून चीड आली.

आता चादरीचं सांगते. मास्टरांच्या गावात एक पीर आहे. तिथली दिवाबत्ती त्यांच्या घराकडे असते, सध्या धाकटा भाऊ बघतो. दर हिवाळ्यात उरूस भरतो आणि त्याची चादर मास्टर इथं करामात शिवून गावी निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवतात. हिरवं साटीन, कडेनं जर. तीन कोपरे ते पुरे शिवतात आणि चौथा उघडा ठेवतात, दोरा ओवलेली सुई त्याला टोचून. तो कोपरा भाऊ तिथं मजारीपाशी, सगळ्या गावासमोर शिवतो. पुरी शिवून पाठवली तर ती परदेशातून आलेली वस्तू, शेवटचा टाका तिथं पडला की ती घरची, अशी त्यांच्या आजोबांपासूनची रीत.

आमच्याकडं याला गलेफ म्हणतात. हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते चष्म्यावरून बघत राहिले. "आप लोग भी?" हो, आम्ही लोगही. माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या गावच्या पिराच्या उरसाला पहिला गलेफ आमच्या घरातून जातो, त्यानंतर मुजावरांचा. आम्ही हिंदू, मुजावर मुसलमान, आणि मलिदा दोन्ही घरांत होतो. असं का, हे माझ्या लहानपणी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आमचा मान होता आणि आम्ही तो करायचो.

त्या हिवाळ्यात मी दुकानात गेले तर हिरवं कापड अर्धवट शिवून खालच्या फळीवर कोंबलेलं. "भाई ने मना किया," मास्टर म्हणाले. त्यांच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका मजारीवर जमाव चालून गेला होता. घुमटावर चढून हातोडे घालणारी माणसं त्यांनी मला फोनवर दाखवली. मग त्यांच्या स्वतःच्या गावात कुणीतरी माइकवरून सांगितलं की चादर, दिवा, गाणं सगळं धर्माबाहेरचं आहे, यंदा दिसलं तर बघून घेऊ.

"आणि पोलीस?"

"बोलते हैं, पहले इलेक्शन होने दो."

मी म्हटलं, तरी पाठवा, घाबरता काय. ते शांतपणे म्हणाले, "दीदी, भाई के बच्चे वहाँ हैं." एसीत उभं राहून दुसऱ्याला शूर व्हायला सांगणं फार सोपं असतं. त्या वर्षी त्यांच्या पिराला चादर चढली नाही. भावानं दार लावून आतल्या आत एक दिवा लावला. ते सांगताना मास्टर एकच वाक्य बोलले, "सरकार गई दीदी, डर नहीं गया."

हे सगळं मी अल नहदात आमच्या भिशीत बोलले. बोलायला नको होतं, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. एक बाई, जिच्या घरी भिशी होती तीच, वडे वाढता वाढता म्हणाली, "त्यांच्यात असंच असतं गं. आपल्याकडे नाही असलं काही. आणि तू त्या माणसाकडे जातेस कशाला?" मी म्हटलं, "बाही चांगली बसवतो म्हणून. तुझी बघ, काखेत कशी ओढतेय." बाकीच्या हसल्या, ती हसली नाही. मी वडा तसाच ठेवला आणि बस पकडून घरी आले.

आणि मार्च उजाडता उजाडता गावाहून आबांचा फोन. आबा म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "चार पोरं आली हुती, आपल्यातलीच. म्हनली, यंदा पिराला आपल्या घरातनं गलेफ नको. हिंदूचं काय काम तितं."

"आणि मुजावर?"

"ते बी म्हनत्यात, ऱ्हाऊ द्या आबा, वाद नको."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, बघू."

आबांचं बघू मला ठाऊक आहे. त्यांना नाही म्हणायचं धाडस होत नसलं की ते बघू म्हणतात. फोन ठेवला आणि मला ती भिशीतली बाई आठवली. आपल्याकडे नाही असलं काही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय? मास्टरांच्या जिल्ह्यात हातोड्यापर्यंत गेलं होतं, आमच्याकडं अजून नुसती तोंडं चालली होती, हा फरक लहान नाही हे मला कळतं. पण त्यांच्याकडंही सुरुवात तोंडानंच झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मास्टर, ती चादर पुरी करा. एप्रिलच्या सुट्टीत आमच्या गावचा उरूस आहे, मी तिकडं नेते." मग आबांच्या फोनचं सगळं सांगितलं.

"वहाँ भी लोग बोलेंगे?"

"बोलणारच."

"और हमारे पीर की चादर आपके पीर को?"

"ते दोघं बघून घेतील आपसात. तुम्ही शिवा."

कित्येक महिन्यांनी मास्टर पोट धरून हसले. मंगळवारी देतो म्हणाले आणि मंगळवारी दिली. त्यांच्या उभ्या आयुष्यात हे एकदाच घडलं असेल. तीन कोपरे पुरे होते, चौथा उघडा, सुई टोचलेली. सुई मी हातातल्या बॅगेत ठेवायची नाही, मोठ्या बॅगेत टाकायची, हे त्यांनी चारदा बजावलं.

बॅग भरताना माझी लेक दारात उभी राहून म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट इव्हन अवर रिलिजन. व्हाय आर वुई डूइंग धिस?" मी म्हटलं, आपला मान आहे. "मान मीन्स?" इथं जन्मलेल्या मुलीला मान कसा समजावायचा? म्हटलं, चल आणि बघ.

गावी आबांनी चादर पलंगावर उलगडली, जरीवरून हात फिरवला आणि उघड्या कोपऱ्यावर थांबले. "ह्ये का ऱ्हायलंय?" मी त्यांना मास्टरांचं सगळं सांगितलं. तो भाऊ, तो दार लावून लावलेला दिवा, सगळं. त्यांनी एकच विचारलं, त्या भावाला पोरं किती? मग म्हणाले, "असंल भ्यालेला. मी बी भ्यालोच की." वडिलांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, आबा, तुम्ही नका येऊ, मी जाते आणि मुजावरांकडून कोपरा शिवून घेते. तेव्हा ते उठून टोपी शोधायला लागले. "मान कुनाचा हाय?" म्हणाले.

उरसाच्या संध्याकाळी पिराच्या पायरीशी ती चार पोरं उभी होतीच, आणि गावातली बरीच माणसं लांबून बघत होती. चौघांतला एक पुढं आला. "आबा, तुमाला सांगितलं हुतं न्हवं?"

"सांगितलं हुतंस," आबा म्हणाले. ते पायरीवर बसले, गलेफ मांडीवर घेतला, चष्मा लावला. "बस आता. येळ लागंल. मला शिवाया येत न्हाई."

ज्या माणसानं जन्मात शर्टाचं बटण लावलं नाही, तो सगळ्या गावासमोर सुई धरून बसला. पहिल्याच टाक्याला बोटात घुसली. बोट चोखलं आणि दुसरा टाका घातला. एका पोरानं फोन काढून शूटिंग सुरू केलं. आबा मान वर न करता म्हणाले, "घे, नीट घे." एवढा वेळ भिंतीला धरून उभे असलेले मुजावर तेव्हा पुढं आले, शेजारी बसले आणि त्यांनी कापड ताणून धरलं. मी त्या पोरांच्या आणि आबांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. आबांना दात नाहीत, त्यामुळे शेवटी दोरा मुजावरांनी तोडला.

गलेफ चढला. पोरं काहीबाही बोलत निघून गेली, त्यातला एक मलिदा घेऊन गेला. पुढच्या वर्षी काय होईल, मला माहीत नाही. परत येताना गाडीत लेक म्हणाली, "आय गॉट द होल थिंग ऑन व्हिडिओ, मम्मा."

तो व्हिडिओ मास्टरांनी दुकानात उभं राहून पाहिला. कोपरा आला तिथं बोटांनी मोठा केला.

"टाँका टेढ़ा है."

"आबा टेलर नाहीत, मास्टर."

"पर पकड़ेगा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोरच भावाला पाठवला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी ब्लाउज आणायला गेले. ब्लाउज अर्थातच झालेला नव्हता. टेबलावर नवंकोरं हिरवं साटीन पसरलेलं, हिवाळा अजून कितीतरी लांब असताना.

"निवडणुकीचं कळलं काही?"

"नहीं."

"मग भाई हो म्हणाला?"

"अभी तक नहीं बोला," मास्टर म्हणाले, आणि त्यांनी कापडाला कात्री लावली.