गोलूचं हिंदी करणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जन्मात एकही गोष्ट तोंडी केलेली नव्हती. जन्मल्यावर रडलेसुद्धा रीतसर अर्ज देऊनच असतील. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात लेकीला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये ते राहायचे. आम्ही नागपूरहून बदली होऊन त्यांच्या खाली आलो, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत सरकली. 'विषय: कढीपत्त्याची मागणी.' खाली 'चार काड्या', त्याखाली तारीख आणि सही. मी कढीपत्ता घेऊन वर गेले तर काका दारातच म्हणाले, "यावर 'दिला' असं लिहा आणि सही करा. प्रत माझ्याकडे राहील." मला वाटलं, चेष्टा करतायत. कसली चेष्टा! जावयाने जेवताना सांगितलं की गिझर बिघडलाय, तर हा माणूस म्हणायचा, "लिहून दे." जावई बिचारा थंडीत गार पाण्याने अंघोळ करून ऑफिसला जायचा. पण काका मायाळू फार. माझी रेवा, नऊ वर्षांची, शाळेतून आली की दप्तर फेकून वर पळायची आणि दोघं दिवेलागणीपर्यंत लूडो खेळत बसायचे. हरले की काका तिला अभिनंदनाचं पत्र द्यायचे, आणि रेवा ती सगळी पत्रं बिस्किटाच्या डब्यात ठेवायची.

नोकरीभर त्यांनी इंग्रजी फायलींचं सरकारी हिंदी केलं होतं. निवृत्तीनंतर नोएडाच्या एका कंपनीने त्यांना घरबसल्या काम दिलं. कंपनीचा एक रोबो होता, म्हणजे खराखुरा नव्हे, टॅबलेटच्या पडद्यावरचा, निळ्या गोल तोंडाचा. नाव गोलू. शाळेत मुलं त्याच्यासमोर बसायची, तो विचारायचा आज कसं वाटतंय, मुलं सांगायची, तो समजूत घालायचा. मुलांना स्वतःच्या मनातलं ओळखता यावं, मैत्री करता यावी, म्हणून हा खटाटोप. शिक्षकांना कुठे वेळ असतो! गोलूची इंग्रजी वाक्यं हिंदीत आणायची, हे काकांचं काम. पहिल्या खेपेला गोलू रडक्या मुलांना म्हणाला, "आपकी उदासी की सूचना प्राप्त हुई. मामला विचाराधीन है." कंपनीतली पोरं हसून हसून लोळली. काका दुखावले. "अहो, समोरच्याला पोच देणं हा साधा सभ्यपणा आहे," मला म्हणाले. मग चार दिवस डोकं खाजवून त्यांनी नवं वाक्य आणलं: "तुमने बताया, अच्छा किया. मैंने सुन लिया." मी ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं, इतकं ते चांगलं होतं. मुलं तर भाळलीच. रेवाच्या शाळेतही गोलू आला, आणि शाळेबद्दल घरी चकार शब्द न काढणारी माझी पोरगी त्याला सगळं सांगायला लागली.

मला याचा पत्ता नव्हता. काकांना होता. मुलांची उत्तरं वाचायची आणि काळजीचं काही दिसलं तर वर कळवायचं, हेही काम कंपनीने त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. उत्तरांवर नावं नसायची, नुसते नंबर. एके दिवशी एका नंबरचं उत्तर आलं, "लंच में टॉयलेट में बैठती हूँ. कोई साथ नहीं बैठाता. सिर्फ घर के ऊपर वाले आजोबा मेरे साथ लूडो खेलते हैं." वरच्या आजोबांशी लूडो खेळणाऱ्या अशा मुली अख्ख्या दिल्लीत किती असणार? काकांनी ओळखलं. ओळखून काय केलं, तर नोट लिहिली! 'तातडीचे' असा शेरा मारून कंपनीला पाठवली. कंपनीने शाळेला पाठवली, शाळेने कुठल्या तरी कपाटाला. मग दर सोमवारी स्मरणपत्र. आणि रोज संध्याकाळी हाच माणूस माझ्या मुलीसमोर बसून फासा टाकत होता. नंतर हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

दीड महिन्याने एका दुपारी शाळेची बस रेवाशिवाय आली. मी तशीच रिक्षा केली. शाळेत पोचले, चौकीदाराला घेऊन रिकामे वर्ग पालथे घातले, मग बाथरूमची दारं एकेक करून वाजवली. शेवटच्यात ती होती. मांडीवर न उघडलेला डबा. हजेरी सकाळीच होऊन गेलेली, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपासून पोरगी नाही हे कुणाच्या गावीही नव्हतं. "मी गोलूला सांगितलं होतं ना, आई," ती म्हणाली. "तो म्हणाला, सुन लिया."

त्या संध्याकाळी काका फाइल घेऊन खाली आले. "हे बघा, मी पहिल्याच दिवशी कळवलं होतं. सगळ्या प्रती आहेत. घरच्यांना परस्पर सांगता येत नाही हो, गोपनीय असतं." मी फाइल हिसकावून जिन्यात भिरकावली. "एक जिना उतरायचा होता काका तुम्हाला! एक!" ते कागद गोळा करायला वाकले, आणि एकही न उचलता वर निघून गेले.

रेवाची शाळा बदलली. आता तिला एक मैत्रीण आहे, दोघी डबा वाटून खातात. तिला वर पाठवणं मी बंदच केलं. काकांनी ते काम सोडल्याचं त्यांच्या लेकीकडून कळलं. मी 'अच्छा' म्हणून विषय संपवला. मग एका सकाळी बेल वाजली. दारात काका, रिकाम्या हातांनी. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"काही काम नव्हतं. कशी आहे ती, एवढंच विचारायला आलो."

"बरी आहे," मी म्हटलं आणि दार लावलं.

"कोण होतं गं?" रेवाने आतून विचारलं.

"कुणी नाही."

"आजोबांचा आवाज होता," ती म्हणाली. मी कणीक मळत राहिले.

त्याच रविवारी काका मुलाकडे पुण्याला गेले, कायमचे. मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी मी वेगळं वागले असते का, देव जाणे. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या म्हाताऱ्याला दारातून परत पाठवलं याची लाज आता रागापेक्षा मोठी झालीय. रेवा अधूनमधून विचारते, "आई, आजोबांना फोन करूया ना?" नंबर आहे माझ्याकडे. करू, मी म्हणते. तीन महिने झाले, करू म्हणतेय.