डावीकडचा डॉक्टर

१३ ऑगस्ट २००७ रोजी मी बू रुमियाती यांना बारा लाख चाळीस हजार रुपिया रोख दिले आणि पावतीवर सही घेतली. बत्तीस पानांच्या चित्रकथेचे ते संपूर्ण मानधन होते. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या छोट्या प्रकाशनसंस्थेत मी तेव्हा तेवीस वर्षे हिशेब पाहत होतो. मानधन मोजून न घेणारी चित्रकार मी ही एकच पाहिली.

"मोजून घ्या," मी म्हणायचो.

"पाक दर्मो, तुम्ही मोजलंय ना? मग मी परत मोजून तुमचा अपमान कशाला करू?"

आमच्याकडे मान देऊन बाईला बू किंवा इबू म्हणतात आणि पुरुषाला पाक. बू रुमी तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. वडील वायांगचे दालांग. पडद्यावर चामड्याच्या बाहुल्या नाचवत रात्रभर पांडव-कौरवांची कथा सांगणारा माणूस. मुलगी नववीपर्यंत शिकली आणि मग वीस वर्षे भुतांच्या आणि मारामारीच्या चित्रकथांची मुखपृष्ठे रंगवत राहिली. या पुस्तकांना आमच्याकडे भाड्याच्या वाचनालयांत चांगली मागणी असते. पोरे नाणे टाकतात, बाकावर बसतात आणि वाचून झाले की पुस्तक परत ठेवतात. एकदा असेच बाकावरच्या पोरांकडे पाहत बू रुमी म्हणाल्या, "यांना मुंडकं नसलेल्या बाईची सगळी माहिती आहे. पण विजेचा दिवा कुणी आणि कसा केला ते विचारा, माना खाली."

तिथून शोधांच्या चित्रकथांची मालिका त्यांच्या डोक्यात शिरली. पहिल्या पुस्तकासाठी त्यांनी आपल्याच बेटावर घडलेली गोष्ट निवडली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात बेरीबेरीने माणसांचे पाय लुळे पडत होते. तिथल्या एका डच डॉक्टरच्या लक्षात आले, की रुग्णालयाचा उरलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्याही तशाच लुळ्या पडतात आणि कोंडा न काढलेला तांदूळ दिला की पुन्हा चालू लागतात. कोंबडी पाय मुडपून कशी बसते ते नीट काढता यावे म्हणून बू रुमींनी अंगणात तीन कोंबड्या पाळल्या आणि दोन महिने त्यांच्यामागे वही घेऊन फिरल्या. शेजारीण विचारायची, "अंडी विकता का हो?" त्या म्हणायच्या, "नाही, पाय काढते."

या कामासाठी त्यांनी मुखपृष्ठांची कामे सोडली होती. आमचे मालक पाक हारसोनो यांनी त्यांना स्पष्टच सांगितले होते. जिल्ह्याचे शिक्षण कार्यालय शाळांच्या वाचनालयांसाठी सहाशे प्रती घेईल, पण आधी एका शाळेतल्या मुलांना पुस्तक समजले पाहिजे. समजले तर पुढची पुस्तके निघतील. नाही तर हे पहिले आणि शेवटचे.

२३ ऑगस्टला मी बू रुमींना मोटारसायकलवर मागे बसवून क्लातेनजवळच्या एका गावातल्या शाळेत गेलो. पाचवीचा वर्ग, अडतीस मुले. बाई बू मुर्नी यांनी छायाप्रती वाटल्या. मुलांनी इतके मन लावून वाचले की वर्गात पाने उलटण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग कागदावर उत्तरे घेतली. मी नेहमीच्या सवयीने दोन गठ्ठे केले. सात मुलांनी लिहिले होते की कोंड्यासकट तांदूळ चांगला. एकतीस मुलांनी लिहिले होते की तो तांदूळ खाल्ला की पाय लुळे पडतात.

बू रुमींनी मोठा गठ्ठा उचलला, चाळला आणि हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

पहिल्या बाकावर एंडांग नावाची मुलगी होती. तिनेच हात वर केला. "इबू, तो दाढीवाला डॉक्टर लबाड आहे ना?"

"का गं? त्याने काय वाईट केलं?"

"तो प्रत्येक पानावर डावीकडे असतो."

"बरं, मग?"

"मग काय! डावीकडे कौरव असतात. एवढंही माहीत नाही तुम्हाला?"

वर्ग खो-खो हसला. बू मुर्नी ओरडल्या, "एंडांग, पाहुण्यांशी असं बोलतात?" पण बू रुमी स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"पाक दर्मो," त्या म्हणाल्या, "बाबांचा खेळ मी कधी दालांगच्या बाजूने पाहिलाच नाही हो. आम्ही बायका-पोरी घरात, पडद्याच्या पलीकडे. नुसत्या सावल्या. तिथून सगळं उलटं दिसतं. माझे पांडव जन्मभर डावीकडेच उभे राहिले."

हल्लीची मुले मात्र अंगणात दालांगच्या पाठीमागे बसतात आणि तिथून पांडव उजवीकडे दिसतात. त्या सात मुलांनी शब्द वाचले होते. बाकीच्यांनी चित्रे वाचली होती.

परतताना आम्ही एका टपरीवर सोतो, म्हणजे भात घातलेला गरम रस्सा, खाल्ला आणि चहा घेतला. माझ्याजवळ एक लाखाची नोट होती आणि टपरीवालीकडे सुटे नव्हते, म्हणून दोघांचे पैसे बू रुमींनी दिले.

आमच्या कार्यालयात पाक हारसोनोंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "एवढंच ना? छपाईला चित्रांची फिल्म आरशासारखी उलटी करू. तासाभराचं काम आहे."

"मग माझा डॉक्टर डाव्या हाताने रुग्णाला औषध देईल," बू रुमी म्हणाल्या. "पोरं म्हणतील, डॉक्टर लबाड नाही, पण आईने काही वळण लावलेलं दिसत नाही."

"अहो, मग करायचं काय?"

"परत काढते. बत्तीसच्या बत्तीस."

"बू, तीन सप्टेंबरला पुन्हा चाचणी आहे. आणि वरचे पैसे मला परवडणार नाहीत."

"मागितले का मी?"

अकरा दिवस होते. मी रोज सकाळी कामावर जाताना त्यांच्या घरून तयार पाने घेत असे. जुने पान उलटे करून खिडकीच्या काचेला लावायचे, उजेडात दिसणाऱ्या आकृत्या नव्या कागदावर उतरवायच्या आणि हात तेवढे सगळे नव्याने काढायचे, अशी त्यांची पद्धत. पाचव्या दिवशी त्यांनी मला दारातच अडवले. "हे बघा. पांढऱ्या तांदळाची बाजू घेणारा अधिकारी आता डावीकडे आला, म्हणजे आधी तो बोलतो. डॉक्टरचं उत्तर शेवटी येतं. आधीपेक्षा गोष्ट बरी झाली, पाक दर्मो. चूक झाली ते बरंच झालं!" बोटे शाईने काळी झालेली आणि पायांत त्या तीन कोंबड्या. चित्रकलेतले मला काही कळत नाही, पण ती पाने पिशवीत घालताना माझी मान ताठ झाली होती.

तीन सप्टेंबरला तोच वर्ग, तीच अडतीस मुले. पाचव्या पानावर अधिकारी डावीकडून आत आला, तशी एंडांग शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "हा बघ, आला लबाड!" छत्तीस उत्तरे बरोबर आली. एकाने उत्तराऐवजी कोंबडीचे चित्र काढून दिले होते आणि एकाने काहीच लिहिले नव्हते. बू मुर्नींनी कागद शिक्षण कार्यालयातून आलेल्या माणसाच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "कोंबडीसुद्धा बरोबर धरा. दोन्ही पायांवर उभी आहे."

एंडांगने जाताना विचारले, "इबू, पुढच्या पुस्तकात काय आहे?"

"विजेचा दिवा."

"चांगला माणूस उजवीकडे काढा हं."

सहाशे प्रती गेल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पाक हारसोनोंनी पुन्हा काढलेल्या पानांचे पैसे स्वतःहून दिले. आज त्या मालिकेत आठ पुस्तके आहेत आणि बू रुमी नववे काढत आहेत. बाजाराजवळच्या वाचनालयात पहिल्या पुस्तकाची एक प्रत आहे. तिला तीन वेळा चिकटपट्टी लागली आहे आणि कोंबड्यांचे पान बोटांनी काळे झाले आहे. विक्रीचे आकडे मी आयुष्यभर पाहिले, पण एवढा चांगला आकडा मला कुठल्या खात्यात सापडला नाही.

मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. त्या दिवशीच्या सोतोचा आणि चहाचा माझा वाटा चार हजार पाचशे रुपिया होता. बू रुमी तो घेत नाहीत. तेवढे देणे अजून बाकी आहे.