दोन जावांचं जेवण

आजही ती मिसिंगची केस आठवली की हसू येतं. त्या दुपारी मात्र पोलीस ठाण्यात कोणीच हसत नव्हतं.

नगर जिल्ह्यातल्या बेलापूर गावचे दोन चुलतभाऊ माझ्यासमोर उभे होते. दोघांच्याही आया सकाळपासून बेपत्ता. नात्याने त्या सख्ख्या जावा, दोघीही साठीच्या पुढच्या. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. दोघीही अंगावर दागिने घालून गेल्या होत्या आणि मोबाईल घरीच होते.

"साहेब, ह्याच्याच आईनं माझ्या आईला कुठंतरी नेलं," थोरला म्हणाला.

"माझी आई तुझ्या दारात पाय तरी ठेवील का?" धाकट्याने त्याची कॉलर धरली. हवालदाराने दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं. मी मिसिंग दाखल करून घेतली. अंगावर सोनं, वय झालेलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात वाईटच येत होतं.

तासाभरात खबऱ्याचा फोन आला. दोघी नव्या साड्या नेसून गावाबाहेर एका भाड्याच्या गाडीत बसल्या होत्या. गाडीवाला गावचाच होता. तो एकटाच परत आला, हे ऐकून माझी शंका आणखी बळावली. त्याला लगेच ठाण्यात आणलं.

"कुठं सोडलंस त्यांना?"

"न्हाई सांगता येनार साहेब. मावशींनी शपथ घातलीय."

आवाज चढवला, दरडावलं, तरी तो ऐकेना. पण गुन्हा केलेला माणूस दाराकडे बघतो, हा सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याला कुणाला तरी आणायला जायचं असणार.

मी सहज विचारलं, "परत आणायला कधी जायचंय?"

"जेवन झालं की हाटेलातून फोन करनार हायेत," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

गाडीवाल्याला आणि दोन्ही मुलांना जीपमध्ये घालून नगर गाठलं. रस्ताभर दोघं भाऊ दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते. गाडीवाल्याने दाखवलेलं हॉटेल शुद्ध शाकाहारी, शहरातलं महागातलं. काचेचं दार, गार हवा, टेबलावर कापडी रुमालांच्या घड्या. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गळ्यात पुतळ्यांची माळ, नाकात नथ घातलेल्या आमच्या दोन बेपत्ता बायका! समोर पनीर टिक्का वाफाळत होता आणि धाकटी जाऊ हसून हसून डोळे पुसत होती.

थोरलीने मुलाला पाहिलं. "आलास व्हय? बस. ह्यो पनीरचा तुकडा लई ब्येस हाय."

"आई, आम्ही पोलिसांत गेलो! आणि तू... काकूबरोबर?"

"तुमी भांडलात. आमी कधी भांडलो?" धाकटी म्हणाली. "रोज देवळामागं भेटतो आमी."

मग थोरलीने मला सांगितलं, "साहेब, नव्या नवऱ्या हुतो तवा बाराजणांच्या भाकऱ्या थापायचो आमी दोघी. सगळ्यात शेवटी जेवायचो, उरलंसुरलं. तवाच ठरवल्यालं, एक दिवस झकपक हाटेलात बसायचं आन् वाढनारा दुसराच पायजे. घरी सांगितलं असतं तर ह्या पोरांच्या भांडनात आमचं जेवन ऱ्हायलं असतं."

थोरल्याने वेटरच्या हातातलं भांडं घेतलं आणि काकूच्या ताटात भाजी वाढली. धाकट्यानेही खुर्ची ओढली.

मी जबाबाचा विषय काढला. धाकटी म्हणाली, "लिवून घ्या, सोताच्या खुशीनं आलो. पन आधी आइस्क्रीम यिऊ द्या." आइस्क्रीम आलं. मलाही खावं लागलं.

माणूस हरवला की आम्ही पोलीस पहिला प्रश्न विचारतो, त्याचं वैर कोणाशी होतं? त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासात मी आणखी एक प्रश्न विचारत राहिलो, त्याचा जीव कोणावर होता? कितीतरी माणसं मला ह्या दुसऱ्या प्रश्नाने सापडली.