अंजनाच्या नाटकात कुणी मरत नाही

खडकदऱ्यात पोरगं दहावी झालं रे झालं की त्याची छाती मोजतात. साताऱ्याच्या डोंगराला टेकलेलं हे गाव. घरटी एक माणूस फौजेत, आणि ज्या घरातला नाही त्या घराला सोयरिकीच्या वेळी कारण सांगावं लागतं. अशा गावात अंजना सून म्हणून आली ती थेट जतकडून. तिची आई घरात कानडी बोलायची, बाप मराठी, आणि शेजारीपाजारी दोन्ही. त्यामुळं सुरुवातीला अंजनाच्या तोंडून 'आई गं'च्या जागी 'अव्वा' निघालं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमच्या जोतीरामानं परमुलखातनं बायको आणली," म्हणायच्या. जत म्हणजे परमुलूख! आता काय बोलायचं यांना?

अंजना हसण्यावारी न्यायची. नवरा जोतीराम वर्षातनं दोनदा सुट्टीवर येणार, बाकीचे महिने घर, गोठा आणि सासू. मग ती गावच्या वाचनालयात जायला लागली. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीतलं एक कपाट. ते तिनं वाळवीच्या आधी संपवलं. वाचता वाचता हात शिवशिवायला लागले, तशी ती नव्या नवऱ्यांना उखाणे बांधून द्यायला लागली आणि पुढं शाळेतल्या पोरांना पंधरा ऑगस्टची भाषणं. खडकदऱ्यातलं कुठलंही पोरगं माईकपुढं उभं राहून "रक्ताचा शेवटचा थेंब" म्हणालं, की समजावं, हे अंजनाकाकूचं. टाळ्या हमखास पडायच्या. कुठल्या शब्दाला पडतात ते तिला पाठ झालं होतं.

आता गावाच्या नाटकाबद्दल सांगायला हवं. भैरवनाथाच्या यात्रेला दरसाल नाटक व्हायचं, आणि तेही दरसाल तेच. त्यात एक जवान असायचा, तो शेवटच्या अंकात शहीद व्हायचा. आधी कुणीकुणी तो करायचं, पण जोतीराम हवालदार होऊन पेन्शनीवर आला आणि पार्ट त्याचा झाला. दिवसा शिरवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला, आणि यात्रेला शहीद. मरायला त्याच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. सांगलीहून पडदे आणि ड्रेस घेऊन येणारा मोहिद्दीन आतल्या बाजूला सुतळी बॉम्ब पेटवायचा. बार झाला की जोतीराम छातीला हात लावायचा, गरागरा फिरायचा, "तिरंगा खाली येऊ देऊ नका" म्हणायचा आणि धाडकन पडायचा. साऊंडवाला बिगुल लावायचा आणि लगेच सगळं गाव उठून उभं. सुभेदार धैर्यशील, म्हणजे गावातल्या माजी सैनिकांचे अध्यक्ष, माईक घ्यायचे आणि भारत माता की जय. डोंगरात घुमायचं ते. मग पहिल्या रांगेतल्या रंगूबाईला वीरमाता म्हणून शाल आणि नारळ.

रंगूबाईचा जयराज आणि जोतीराम एकाच दिवशी भरती झाले होते. एक पेन्शन घेऊन आला, दुसरा तिरंग्यात गुंडाळून आला. म्हातारीला दुसरं कुणी नाही.

अंजना नाटकाला प्रॉम्प्टिंग करायची. विंगेत उभं राहिलं की तिला स्टेज दिसायचं तसाच रंगूबाईचा चेहराही दिसायचा. शेवटचा अंक लागला की म्हातारी डोळे गच्च मिटून घ्यायची, खुर्चीचा हात धरायची, आणि बार झाला की तिचं सगळं अंग दचकायचं. मग डोळे उघडून ती शाल घ्यायची, हात जोडायची. दरसाल. एकदा अंजनाला राहवलं नाही. "आत्या, कशाला बसता तिथं? मधीच उठून जावा की."

"आगं, जाऊन कसं चालंल?" रंगूबाई म्हणाली. "माझ्यासाठीच करत्यात न्हवं समदी?"

अंजना त्या रात्री जेवली नाही. आपलं गाव एका म्हातारीला दरवर्षी मान म्हणून तिच्या लेकाचं मरण बघायला लावतंय, आणि कुणाच्या मनात वाईटही नाही, याचा तिला भयंकर राग आला. राग कुणावर काढायचा तेही कळेना. नवऱ्यावर काढला. "तुमाला मेल्याशिवाय गमत न्हाई का ओ?" जोतीराम बिचारा भाकरी मोडता मोडता थांबला. त्याला काही उमगलं नाही.

पुढच्या साली नाटकाच्या पुस्तकाची पानं हातात यायला लागली. कव्हर तर कधीच गेलं होतं. सुभेदार म्हणाले, "अंजना, तू भाषणं लय झ्याक लिवतीस. नवं नाटक लिव."

तिनं लिहिलं. देवळात वाचनाला बसले सगळे. नाटक असं: जवान सुट्टीवर घरी येतो. त्याला मीठ कुठल्या डब्यात आहे ते ठाऊक नसतं, लेक त्याला काका म्हणते, म्हैस त्याला जवळ येऊ देत नाही. तो सांगतो, बंकरमध्ये आईच्या लाडवाचा डबा उघडला तसे पंजाबचा, नागालँडचा आणि जतचा असे तीन जण तुटून पडले आणि मला चुरा राहिला. बायको त्याला सांगते, तू तिकडं उभा होतास तवा मी हिकडं टँकरपुढं उभी होते. असं हसत, भांडत दिवाळीची पहाट होते आणि नाटक संपतं.

वाचन झालं. सुभेदारांनी चष्मा पुसला. "छान हाय. पर यात देश कुठं हाय?"

"म्हंजी?"

"मरत कोण न्हाई, झेंडा न्हाई, दुश्मन न्हाई. ह्यो तर निस्ता संसार हाय!"

इतकी भाषणं लिहिली बाईनं, पण ऐनवेळी शब्द पळाले. ती एवढंच म्हणाली, "आबा, हे असलं घर मागं हाय म्हणून तर माणूस तिकडं हुबा ऱ्हातो. ह्येबी देशातच येतं की."

सुभेदार काही खलनायक नव्हेत. त्यांनी स्वतः मित्रांना खांदा दिलेला. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मरण दावायचं सोडलं तर उद्याची पोरं इसरतील, कुणी काय दिलं ते. मला त्याची भीती हाय." आणि हे खोटं होतं असं अंजनालाही म्हणता येईना.

मग ती उठून उभी राहिली. म्हणाली, "एक साल. रंगूआत्याला एक साल तरी जवान घरी आलेला बघू द्या. लोकांना न्हाई पटलं तर पुढच्या साली जुनं करा, मी पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई."

रंगूबाईचं नाव निघालं तसे सगळे खाली बघायला लागले. चष्मा खिशात घालून सुभेदार म्हणाले, "बरं. एक साल."

तालमी झाल्या. मरायचं नाही म्हटल्यावर जोतीरामला स्टेजवर हातांचं काय करावं ते कळेना. बायकोच्या पार्टला सांगलीहून दीपाली नावाची नटी ठरवली, तीच त्याला सांभाळून घ्यायची. दिवाळीच्या फटाक्याच्या जागी तालमीत कुणीतरी नुसतं तोंडानं "ठो" म्हणायचं.

यात्रेच्या दिवशी अंजना मुद्दाम रंगूबाईकडं गेली. "आत्या, औंदा डोळं मिटायचं न्हाईत. ह्यात कोण मरत न्हाई. मी लिवलंय, माझ्यावर इस्वास ठेवा." म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

माईक दहाला बंद करावा लागतो म्हणून दिवस मावळतानाच पडदा वर गेला. आणि काय सांगावं, लोक पोट धरधरून हसले! म्हशीच्या प्रवेशाला तर माजी सैनिकांच्या रांगेतून "आगदी बराबर!" असा आवाज आला. टँकरच्या भांडणाला बायकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. लाडवाचा चुरा निघाला तेव्हा सुभेदारसुद्धा हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे टिपले. रंगूबाईचं तोंड उघडंच राहिलं होतं, दात नसलेलं आणि लहान पोरीसारखं खूश. अंजना विंगेतून नाटक कमी आणि तिलाच जास्त बघत होती. तिला वाटलं, आपण जिंकलो.

शेवटचा प्रवेश लागला. दिवाळीची पहाट. पाट मांडलेला, दीपालीच्या हातात उटण्याची वाटी. रात्री गावच्या पोरांबरोबर गस्तीला म्हणून हौसेनं वर्दी चढवून गेलेला जोतीराम दारात येतो आणि म्हणतो, "आलो बघ." बाहेर पोरं फटाका उडवतात, म्हणून मोहिद्दीननं सवयीनं सुतळी बॉम्ब पेटवला. धडाम!

आणि जोतीरामनं छातीला हात लावला.

जोतीराम गरागरा फिरला, "तिरंगा खाली येऊ देऊ नका" म्हणाला आणि धाडकन पडला. इतक्या सालांची सवय अंगात भिनलेली, बार झाला की मेला. साऊंडवाल्यानं बिगुल लावला. सगळं गाव उठून उभं राहिलं. सुभेदारही उठले, पाय आपोआप माईककडं.

"आवं, उठा!" अंजना विंगेतून दबक्या आवाजात ओरडली. "ह्यात मरायचं न्हाई!"

जोतीरामनं एक डोळा किलकिला केला. "आता कसं उठू? समदी हुबी ऱ्हायली की!"

अंजनानं पहिल्या रांगेकडं बघायचं धाडस केलं. म्हातारीला आपण डोळे उघडे ठेवायला लावले आणि तिच्या पुढ्यात पुन्हा एकदा पोरगा पाडला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

पण रंगूबाई खुर्चीत नव्हती. ती स्टेजच्या पायऱ्या चढत होती, एक हात गुडघ्यावर, आणि तोंडानं सरबत्ती सुरू.

"जोत्या! ऊठ रं मुडद्या! सणाचा दिस हाय आणि खुशाल लोळतोय! पाणी निवालं तिकडं!"

गाव हसायला लागलं, आणि हसता हसता मधेच गप्प झालं. साऊंडवाल्यानं बिगुल बंद केला. जोतीराम उठून बसला. दीपालीनं वाटी म्हातारीच्या हातात दिली.

"काढ ती वर्दी. कापडं घालून आंघोळ करत्यात व्हय?"

जोतीरामनं बटणं सोडली. शर्ट घडी करून बाजूला ठेवला, बनियन काढलं आणि पाटावर पाठमोरा बसला. रंगूबाई त्याच्या पाठीला उटणं लावायला लागली. आईचे हात ते, मानेपासून खाली, कानामागं, काखेत, काही सोडलं नाही. "लय वाळलास रं," ती म्हणाली. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. जोतीराम, हवालदार माणूस, हमसून हमसून रडायला लागला. मोहिद्दीन पडद्याची दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. पडदा पाडायचं त्याला सुचलं नाही, आणि बरंच झालं.

अंजनानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. तिला रडू येत होतं आणि आयुष्यात कधी नव्हता इतका आनंदही होत होता.

खाली गाव अजून उभंच होतं. घोषणा द्यावी की टाळ्या वाजवाव्यात, कुणाला कळेना. सगळ्यांनी सुभेदारांकडं बघितलं. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, घसा खाकरला.

"बसा," ते म्हणाले. "समदी खाली बसा. पोरगं घरी आलंय. आंघोळ हुंद्या त्याची."

आणि तिथंच, स्टेजच्या पायरीवर, आधी ते स्वतः बसले.