शत्रूने बांधलेला रस्ता

लेबनॉनमधल्या टायरला बसमधून उतरलो आणि धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बाईंना विचारलं, "जुन्या बेटावर जायला होडी कुठून मिळते?"

"बेटावरच उभे आहात," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "आलात तो रस्ता शत्रूने बांधलाय."

मी वळून पाहिलं. शंखांतून जांभळा रंग काढून दूरदेशी विकणारं, आरमाराच्या जोरावर राजांना न जुमानणारं हे फिनिशियन शहर. तेवीसशे वर्षांपूर्वी एका ग्रीक राजाने महिनोन्महिने पाण्यात दगडमाती ओतून वाट केली, तेव्हा कुठे ते पडलं. पुढे त्या वाटेभोवती वाळू साचून बेट किनाऱ्याला चिकटलं.

"मग अजून बेट कसं म्हणता?"

बाईंनी सुरीवरचे खवले झटकले. "आम्हाला हरवायला त्याला समुद्र बुजवावा लागला. आम्ही बेटच म्हणणार."